कुलपाला लिफ्ट कशाला?

ज्या लिफ्टसाठी बसलिंगाप्पांनी पाच वर्षं एक जादा रुपया सुटू दिला नव्हता, त्याच लिफ्टपुढे ते त्या रविवारी सकाळी हात जोडून उभे होते. मेकॅनिकने बटण दाबलं. आत कुठेतरी घरघर झाली, एक हिसका बसला आणि लिफ्ट वर निघाली. बसलिंगाप्पांनी कपाळाचा घाम पुसला, त्याबरोबर भस्माचा पट्टाही पुसला गेला.

"गेली की वर!" ते म्हणाले.

"जाणारच की," जिन्यात उभे असलेले सोसायटीचे चेअरमन हंबीरराव म्हणाले. "तिला जायचंच हुतं, अण्णा. तुम्हीच जाऊ देत नव्हता."

बसलिंगाप्पांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. आज भांडायचा दिवस नव्हता. आज गिऱ्हाईक येणार होतं.

बसलिंगाप्पा मूळचे जयसिंगपूरचे, तिथे त्यांचं भुसार मालाचं दुकान. शहाण्णव साली त्यांनी कोल्हापुरात, राजारामपुरीत, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. राहायला नव्हे, गुंतवणूक म्हणून. पैसा जमिनीत घातला की वाढतो, असं सगळे सांगत होते. फ्लॅट जमिनीत नसून चौथ्या मजल्यावर आहे, हे कोणी लक्षात आणून दिलं नाही. त्यांनी दाराला एक भक्कम कुलूप लावलं आणि भाव वाढायची वाट बघत जयसिंगपुरात बसले.

सोसायटीच्या वार्षिक सभेला मात्र ते पहिल्या गाडीने हजर असत. मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की उठून उभे राहत आणि दर वर्षी एकच वाक्य बोलत, "माझा फ्लॅट बंद असतोय. कुलूप काय लिफ्टनं वर-खाली करतंय व्हय? मग मी जादा पैसं कशाला देऊ?" बाकीच्यांनाही पैसे द्यायचे नसतच, पण तसं बोलायची लाज वाटे. त्यामुळे सगळे बसलिंगाप्पांच्या आड लपत आणि मेंटेनन्स महिना पन्नास रुपयांवर ठाम राही.

पन्नास रुपयांत जे व्हायचं तेच झालं. आधी वॉचमन गेला. मग लिफ्ट बंद पडली आणि तळमजल्यावरच्यांनी तिच्यात कांद्याची पोती ठेवली. भिंतींवर शेवाळ चढलं. शेजारच्या इमारतीतल्या फ्लॅटचे भाव दुप्पट झाले, इथे मात्र एजंट गिऱ्हाईक घेऊन येई आणि गिऱ्हाईक दुसऱ्या मजल्यावरूनच धापा टाकत परत जाई.

बसलिंगाप्पांना त्याचं काही वाटलं नसतं. पण जयसिंगपुरात ज्या गाळ्यात ते तीस वर्षं भाड्याने बसत होते, त्याचे मालक गणपतराव आता सगळे गाळे विकायला निघाले होते. "पाडव्यापर्यंत इसार द्या, न्हायतर दुसऱ्याला दिला," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या गाळ्यात वडिलांनी तराजू टांगला होता. तो गेला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी कुठे जाऊन बसायचं, या विचाराने बसलिंगाप्पांची झोप उडाली होती. फ्लॅट विकल्याशिवाय गाळा हाती येत नव्हता, आणि पाडवा तोंडावर आला होता.

म्हणून हा सगळा थाट. मेकॅनिकला आणून लिफ्ट चालू केली. कांद्याचा वास जावा म्हणून तिच्यात उदबत्त्या लावल्या. शेवाळावर चुना फिरवला. आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे, गेटवर एका दिवसापुरता वॉचमन ठेवला. तालमीतला केरबा पैलवान. खुर्चीवर तो बसला की खुर्ची दिसत नसे.

"केरबा, पावणं आलं की रामराम म्हणायचं. बाकी तोंड उघडायचं न्हाय," बसलिंगाप्पांनी तीनदा बजावलं.

"न्हाय उघडत, मालक."

"एवढं सोंग कशाला म्हणते मी," त्यांची बायको रत्नव्वा म्हणाली. ती चहाची पिशवी, स्टोव्ह आणि पातेलं घेऊन जयसिंगपूरहून आली होती. "एका दिवसात जेवढं घातलं, तेवढं पाच वर्षं थोडं थोडं घातलं असतं तर आज उदबत्त्या लावायला लागल्या नसत्या."

"यव्वा, आज गप बस," बसलिंगाप्पा काकुळतीला येऊन म्हणाले.

दहाच्या सुमाराला गिऱ्हाईक आलं. कोडोलीचे बाळासो. घरी म्हशींचा मोठा गोठा, दुधाचा पैसा हातात खेळता, आणि तो कुठेतरी गुंतवायचा म्हणून निघालेले. पांढरी टोपी, हातात छत्री, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही.

"रामराम," केरबा म्हणाला. बाळासो त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिले.

लिफ्टमध्ये त्यांनी नाकपुड्या फुगवल्या. "उदबत्तीचा वास येतोय. आन् मागनं कांद्याचा."

"देवपूजा करत्यात लोक," बसलिंगाप्पा घाईने म्हणाले. "मग सैपाकाला लागत्यात."

फ्लॅटमध्ये बाळासोंनी भिंतीवर थाप मारून बघितली, नळ सोडला, खिडकीची कडी ओढून पाहिली आणि बिल्डिंगचं वय विचारलं. बाजारात म्हैस बघावी तसं ते घर बघत होते. एवढं झाल्यावर ते चटईवर बसले. रत्नव्वाने चहा पुढे केला.

"इकताय कशापायी?" त्यांनी विचारलं.

बसलिंगाप्पांचा जीव तेवढ्याने हलका झाला. गिऱ्हाईक बोलायला लागलं म्हणजे अर्धं काम झालं, हा तीस वर्षांचा अनुभव. त्यांनी गाळ्याची सगळी कहाणी सांगितली. "गाळा म्हंजे सोनं हाय, बाळासो. भर पेठेत. लिफ्ट न्हाय, वॉचमन न्हाय, मेंटेनन्सची कटकट न्हाय. शटर वर केलं की धंदा चालू!"

"मेंटेनन्सच न्हाय?"

"एक पैसा न्हाय!"

"सगळंच गाळं इकत्यात व्हय? मालक कोण म्हनला?"

"गणपतराव. पेठेत कुणालाबी इचारा," बसलिंगाप्पा कौतुकाने म्हणाले. रत्नव्वाने बशी जरा जोरात खाली ठेवली, पण त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाळासोंनी चहा संपवला. "हितं मेंटेनन्स किती?"

"पन्नास रुपये," बसलिंगाप्पा छाती पुढे काढून म्हणाले. "अख्ख्या राजारामपुरीत एवढा कमी कुठं न्हाय."

बाळासो उठले. खाली उतरले ते थेट केरबापुढे जाऊन उभे राहिले.

"पैलवान, खुराक काय हाय?"

वॉचमनने गप्प बसायचं असतं हे केरबाला ठाऊक होतं. पण खुराक विचारल्यावर गप्प बसणारा पैलवान अजून जन्माला यायचा आहे.

"सकाळी तीन लिटर दूध," केरबाचा चेहरा उजळला. "मग बदामाची थंडाई. दुपारी तूप, भाकरी, मटन किलूभर. संध्याकाळी परत दूध, अंडी..."

मटणाचं नाव निघताच बसलिंगाप्पांनी डोळे मिटून घेतले. बाळासोंचे डोळे मात्र उघडे होते.

"पावणं," ते म्हणाले, "मी म्हशी घेनारा मानूस. म्हशीची किंमत एकदाच द्यायची असती, पेंड रोज घालाय लागती. दोन म्हशी सारख्या दिसल्या तरी जी पेंड जादा खाती तिचा भाव आमी कमी करतो. तुमची म्हस तर भाकड. कुलूप लावून ठिवायची. आन् तिला लिफ्ट पायजे, चुना पायजे, वर ह्यो पैलवान पायजे! पन्नासात ह्याचं एका दिवसाचं दूध येत न्हाय. मी दूधच इकतो, मला नका सांगू. खरा मेंटेनन्स किती ते बोला."

"खरंच पन्नास!" बसलिंगाप्पा रडवेले झाले. "देवाशपथ! हा पैलवान आजच्यापुरता आणलाय. लिफ्ट पाच वर्षं बंद हुती. आज चालू केली. तुम्ही इकत घ्या, मी उद्या बंद करून देतो! शेवाळबी हाय, चुन्याच्या खाली हाय. हे बघा!" असं म्हणून त्यांनी नखाने भिंत खरवडली. सकाळपासून जे झाकलं, ते आता ते हाताने उघडं करून दाखवत होते.

बाळासोंनी वाकून ते शेवाळ बघितलं. "म्हंजे रोगट जनावर शिंगं रंगवून बाजारात आणलं म्हना की."

खर्च खरा म्हणावा तर म्हैस महाग, खोटा म्हणावा तर म्हैस रोगट. बसलिंगाप्पा नखातला चुना झटकत राहिले.

बाळासोंनी छत्री काखेत मारली. गेटपाशी जाऊन ते वळले. "जयसिंगपूरची एसटी स्टँडवरनंच सुटती न्हवं?"

ते गेल्यावर बसलिंगाप्पा मटकन जिन्याच्या पायरीवर बसले. आपल्या गाळ्याचा पत्ता, मालकाचं नाव, वर कौतुकही, सगळं आपणच त्या माणसाला दिलं. गाळ्यावर डोळा असलेले बाळासो काही एकटेच नव्हते, पण खिशात पैसा घेऊन एसटीला निघालेले तेवढे एकटेच होते. वडिलांचा तराजू बसलिंगाप्पांच्या डोळ्यांपुढे आला.

"आता काय गं करायचं?"

रत्नव्वा काही बोलायच्या आत गेटमधून एक म्हातारी आली. हंबीररावांच्या आई, तानाबाई. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, गुडघ्यांनी घरातच डांबून ठेवलेलं. त्यांनी बसलिंगाप्पांच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला.

"अंबाबाईला जाऊन आले, बाबा. लिफ्ट चालू दिसली आन् गुपचूप उतरले, रिक्षा केली. पाच वर्सं झाली जिना उतरून. खिडकीतनंच हात जोडत हुते." त्यांनी लिफ्टकडे पाहिलं. "उद्याबी चालू असंल न्हवं?"

बसलिंगाप्पांनी तो पेढा हातातच धरून ठेवला. दर वर्षी सभेत कुलपाची बाजू मांडताना या म्हातारीचे गुडघे त्यांना एकदाही आठवले नव्हते. त्यांना खरोखर लाज वाटली.

आईला शोधत हंबीरराव खाली आले होते. "अण्णा, तुमचं गिऱ्हाईक तर गेलं. आता माझं ऐका. आमच्या पोराचं, ऋतुराजचं लग्न ठरलंय, जागा पुरायची न्हाय. तुमचा फ्लॅट वरच हाय. पण आईला जिना चढवत न्हाय, म्हणून सगळं इकून खाली कुठंतरी बघत हुतो. लिफ्ट कायम चालू राहणार असंल, तर तुमचा फ्लॅट मीच घेतो. मेंटेनन्स वाढवायला तुमचा हात तेवढा वर पायजे."

"वर केलाच समजा!" बसलिंगाप्पा उठले. "भाव बोला."

"भाव काय, बंद लिफ्टच्या बिल्डिंगीचा जो असतोय त्यो. आजवर एजंट जो सांगत आलेत तोच."

बसलिंगाप्पा मान डोलावणार, तेवढ्यात रत्नव्वा मध्ये पडली. "भाव मागनं. आगोदर ठराव करा."

रविवार असल्याने सगळी बिल्डिंग खालीच होती. निम्मी माणसं कारण नसताना लिफ्टने वर जाऊन येत होती. हंबीररावांनी तिथेच सभा बोलावली. मेंटेनन्स पन्नासचा अडीचशे करायचा, लिफ्ट कायम चालू ठेवायची. बसलिंगाप्पांनी दोन्ही हात वर केले. सगळ्यांना लपायला जागा उरली नाही, म्हणून बाकीचेही हात वर झाले. ठराव मंजूर झाला आणि टाळ्या पडल्या.

"झाला न्हवं ठराव?" रत्नव्वा पदर सावरत म्हणाली. "मग आता चालू लिफ्टच्या बिल्डिंगीचा भाव द्या, हंबीरराव. शेजारच्यांना जो मिळतोय त्यो."

हंबीररावांनी आईकडे बघितलं.

"दे की रं," तानाबाई म्हणाल्या. "माझ्याच गुडघ्याचा भाव हाय त्यो."

संध्याकाळपर्यंत इसार हातात पडला. बसलिंगाप्पा धावतच फोनच्या बूथवर गेले आणि गणपतरावांचा नंबर फिरवला.

"व्हय, कोडोलीचं पावणं आलंत. समोरच बसलंत," गणपतराव म्हणाले. बसलिंगाप्पांनी बूथच्या दाराला धरलं. "तुमचाच गाळा मागत हुते. मी म्हटलं, पाडव्यापतूर त्यो अण्णांचा. मग त्यांनी शेजारचा घेतला. भाड्यानं लावनार न्हाय म्हनत्यात, कुलूप घालून ठिवनार. भाव वाढला की इकनार."

गाळा बसलिंगाप्पांच्या नावावर झाला. पावसाळ्याच्या तोंडाला पेठेत दोन दुकानं फुटली, तेव्हा गाळेवाल्यांची पहिली बैठक बसलिंगाप्पांच्याच दुकानात, पोत्यांवर भरली. रात्रीचा एक वॉचमन ठेवावा आणि सगळ्यांनी महिन्याला थोडी वर्गणी द्यावी, असं त्यांनी सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या पोत्यावरून एक पांढरी टोपी उठली.

"माझा गाळा बंदच असतोय," बाळासो म्हणाले. "रिकाम्या गाळ्यात चोर काय न्हेनार? कुलूप काय रातीला भितंय व्हय? मग मी पैसं कशाला देऊ?"

बसलिंगाप्पांना ते वाक्य नव्याने ऐकायची गरज नव्हती. त्यांनी रत्नव्वाकडे बघितलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. मग आवाज अगदी मऊ करून त्यांनी विचारलं, "पावणं, म्हस भाकड हाय म्हणून तिची पेंडच तोडली, तर फुडं काय हुतंय हो?"

"काय हुतंय म्हंजे? वाळती की!" बाळासो जन्माच्या सवयीने ताडकन बोलून गेले. "बरगड्या दिसाय लागत्यात. मग बाजारात कुत्रं बी इचारत न्हाय तिला."

बाळासोंनी एकदा बसलिंगाप्पांकडे बघितलं, एकदा छताकडे बघितलं आणि हळूहळू पोत्यावर खाली बसले.

वर्गणी एकमताने मंजूर झाली. फक्त वॉचमन पैलवान नसावा, एवढी एक अट बाळासोंनी लेखी घालायला लावली.