शिंप्याने बसवलेला नळ

पाहुणे यायची वेळ झाली होती आणि शिंपीकाका बैठकीच्या भिंतीवरल्या नव्या कोऱ्या बेसिनकडे कौतुकाने बघत उभे होते. बेसिन त्यांनी स्वतः बसवलं होतं. नळही स्वतःच. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"बैठकीत कुणी बेसिन लावतं का हो?" काकूंनी पदराने घाम पुसत विचारलं.

"त्यांच्यात जेवणाआधी सगळे एकत्र, वाहत्या पाण्यात हात धुतात. लेकीने सांगितलंय ना? मग पाहुण्यांना काय मोरीत पाठवू?"

"अहो, पण एखादा नळवाला तरी बोलवायचा."

"होणारे व्याही स्वतः नळवाले. त्यांच्या स्वागताला दुसऱ्या नळवाल्याच्या हातचा नळ? बरं दिसेल का ते?"

या तर्कापुढे काकूंनी हात टेकले. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बाई आणखी काय करणार.

लेकीने पुलापलीकडचा मुलगा पसंत केला होता. पुलापलीकडे धर्म वेगळा, प्रार्थना वेगळी, नमस्काराची तऱ्हासुद्धा वेगळी. एके काळी पुलावर दोन्हीकडची डोकी फुटली होती. पुढे भांडण मिटलं, पण जाणंयेणं काही सुरू झालं नाही. दोन्हीकडचे लोक कामापुरते भेटत, तोंडभरून गोड बोलत आणि घरी येऊन दाराला आतून दोन कड्या लावत. लेकीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने आधीच बजावलं होतं, "दोन्ही घरं मनापासून हो म्हणाली तरच लग्न. नुसतं गोड गोड बोलून हो म्हणणार असाल, तर मला ते नको."

मग तिने महिनाभर आपल्या घरच्यांना तिकडच्या रीती शिकवल्या. तिकडे मुलाने आपल्या घरच्यांना इकडच्या शिकवल्या. दोघंही हुशार. फक्त हे एकमेकांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

दार वाजलं. शिंपीकाकांकडची मंडळी डोकी झाकून, पायात वहाणा घालून ओळीने उभी होती. त्यांच्यात एरवी उघड्या डोक्याने, अनवाणी वावरतात. पण आज पाहुण्यांची रीत. टोप्या काकांनी उरल्यासुरल्या कापडातून शिवल्या होत्या आणि थोरल्या आत्याबाईंच्या डोक्यावर चक्क पडद्याचा तुकडा होता. दारात पाहुणे उभे होते, बोडके आणि अनवाणी. यजमानांच्या घराचा मान म्हणून त्यांनी जोडे तीन मजले खाली, फाटकाशीच काढून ठेवले होते.

दोन्हीकडच्यांनी एकमेकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग काकांनी घाईघाईने टोपी काढली, वहाणा कोपऱ्यात ढकलल्या. ते बघून घरातल्या सगळ्यांनी तेच केलं. तेवढ्यात नळवाल्यांनी खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला आणि होणारा जावई धावत खाली जाऊन सगळ्यांचे जोडे घेऊन आला. धापा टाकत त्याने ते वाटले, सगळ्यांनी घातले, आणि मान वर करून बघतात तर पुन्हा उलटंच.

"या साहेब, बसा."

"आधी आपण बसा, साहेब."

"छे, असं कसं? आपण पाहुणे."

"आपण वडील माणूस, साहेब."

आत्याबाईंनी तेवढं बसून घेतलं. त्यांचे गुडघे दुखत होते.

नळवाल्यांच्या अंगात नवा कोट होता. विचार त्यांनीही केला होताच: व्याही स्वतः शिंपी, मग दुसऱ्या शिंप्याच्या हातचा कोट घालून त्यांच्या दारात कसं जायचं? म्हणून त्यांनी दुकानातून तयार कोट आणला होता. त्याचा डावा खांदा वर, उजवा खाली, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. बायकोने शिवून देते म्हटलं तर, "एवढंसं काम, मी करतो," म्हणून तुटलेलं बटण त्यांनी स्वतःच लावलं होतं. नळाच्या आट्यांना गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपने. काकांची नजर त्या बटणावर पडली आणि त्यांनी ती घाईने छताकडे वळवली.

हात धुवायला नळवाले बेसिनपाशी गेले. वाकून बघतात तो नळाच्या सांध्याला लाल रेशमी दोरा गुंडाळलेला, वर सुबक गाठ. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"नळ छान आहे, साहेब," ते कसेबसे म्हणाले.

"आपला कोटही छानच आहे, साहेब."

लेकीने मुलाकडे बघितलं. दोघांचेही चेहरे उतरले. भीती होती तेच होत होतं, नुसतं गोड गोड.

पानं वाढली गेली. तिकडचे लोक तिखट खात नाहीत असं ऐकून काकूंनी भाजीला मिरची दाखवलीसुद्धा नव्हती. इकडचे लोक जहाल खातात असं ऐकून पाहुणे आठवडाभर मिरच्या चावायचा सराव करून आले होते. पण जेवणार कोण? यजमान थांबले, पाहुण्यांमधलं वडीलधारं प्रार्थना म्हणेल म्हणून. पाहुण्यांनी यजमानांच्या रीतीने मुकाट डोळे मिटले. ते बघून यजमानांनीही मिटले. आता आधी उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेचा अपमान.

फक्त नळ वाजत होता. टप. टप. टप.

नळवाल्यांनी एक डोळा हळूच उघडून नळाकडे वळवला. त्याच वेळी शिंपीकाकांचा एक डोळा कोटाच्या खांद्यावर होता. एकमेकांना चोरून बघताना पकडलं, तसे दोघांनीही डोळे घट्ट मिटले.

"मेली का सगळी?" आत्याबाई कडाडल्या. "भात निवला."

आणि त्याच घटकेला रेशमी दोऱ्याने दम सोडला. नळ उडून भाताच्या पातेल्यात पडला, भिंतीतून पाण्याची धार सुटली ती थेट विहीणबाईंच्या अंगावर.

नळवाले झेपावले. फुटल्या जागी पंजा दाबून ओरडले, "वरचा कॉक फिरवून पाणी बंद करा."

"कुठला कॉक?"

"कॉक न लावता नळ बसवलाय? कुठल्या गाढवाचं काम हे?"

लेकीने कपाळाला हात लावला. शिंपीकाका नखशिखांत भिजले होते. ते शांतपणे म्हणाले, "मीच तो गाढव. केव्हापासून तुमचा हा कोट सोसतोय."

"काय झालंय कोटाला?"

"काय झालंय? अहो व्याही, खांदा कुठे, बाही कुठे. आणि ते बटण कशाने लावलंत, नळाच्या टेपने?"

"टेप निदान टिकली तरी, व्याही. तुमचा दोरा बघा."

"तुमची बाही मध्ये येतेय, कोपर वर करा." काकांनी कातर आणली आणि लोंबणारी बाही कोपरापासून उडवली. मग नळवाल्यांनी धार दाबून धरली, काकांनी गच्चीवर पळत जाऊन टाकीचं पाणी तोडलं, आणि दोघेही भांडत राहिले. आडोशाला काकू विहीणबाईंना कोरडी साडी नेसवत होत्या. "माझे हे असेच," काकू म्हणाल्या. "माझे तरी कुठे वेगळे," विहीणबाई म्हणाल्या, आणि हळूच विचारलं, "घरात एखादी मिरची आहे का हो?"

लेक रडवेली होऊन आत्याबाईंजवळ आली. "संपलं गं आत्या सगळं."

"खुळी का काय?" आत्याबाई भात कालवत म्हणाल्या. "मघापासून साहेब, साहेब चाललं होतं, तेव्हा मला काळजी होती. आता व्याही म्हणून भांडतायत. परक्याच्या अंगावर कुणी असं ओरडतं का?"

लेकीने कान दिला. खरंच, दोघांच्या तोंडी 'साहेब' उरलं नव्हतं. मुलाकडे बघून ती पहिल्यांदा मोकळं हसली.

जेवण उरकेपर्यंत नळवाल्यांनी नळ पक्का केला आणि काकांनी मशीनवर बसून कोटाचे खांदे सरळ करून बाही जोडली. जाताना नळवाल्यांनी कोट चढवला, आरशात बघितलं आणि काकांचा हात दाबला.

पाहुणे गेले. काकांनी दार लोटलं. कड्या लावायच्या राहिल्या. काकू पाणी पुसत होत्या, तेवढ्यात बेसिनमधून आवाज आला. टप.

"बघा," काकू म्हणाल्या. "एवढे मोठे नळवाले आणि नळ गळतोच आहे. एवढंसं कळू नये त्यांना?"

"कळतं की," काका पाण्याखाली बोट धरत म्हणाले. "मुद्दामच ठेवलाय तो. येतील बघ परवा."

"आणि नाही आले तर?"

"येतील गं. बटण मीही कच्चंच लावलंय."