सकाळी मूठ वळती का?

माणसं भेटली की एकमेकांना "बरंय ना?" असं विचारतात. मुदखेडच्या सोजरबाई विचारतात, "सकाळी मूठ वळती का?" हा प्रश्न त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांना विचारला आहे, रेल्वेच्या तिकीट तपासनिसाला त्यानं तिकीट मागितल्यावर विचारला आहे आणि निवडणुकीच्या दिवसांत हात जोडून दुकानात शिरलेल्या एका उमेदवाराचे जोडलेले हात सोडवून त्यालाही विचारला आहे. तो बिचारा दचकून म्हणाला, "मावशी, मूठ आपली निशाणी न्हाई." सोजरबाई म्हणाल्या, "निशाणीचं ऱ्हाऊ द्या, वळती का तेवढं सांगा."

सोजरबाईंचं बांगड्यांचं दुकान स्टेशन आणि आमची शाळा यांच्या वाटेवर आहे. मी नांदेडहून रोज मुदखेडला शिकवायला येते, त्यामुळे गेली बारा-तेरा वर्षं मी त्यांच्या तावडीत आहे. तावडीत हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. समोरून जाणारी बाई बांगड्या भरायला आलेली नसली तरी सोजरबाई तिचा हात धरतात, दाबतात आणि तिच्या तोंडाकडे बघत बसतात. बांगड्यांकडे त्यांचं लक्ष त्यानंतर जातं, तेही कुणी आठवण करून दिली तर.

काचेची बांगडी भरायची तर हात आधी आवळावा लागतो. अंगठा आत दुमडायचा, बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी दाबून एकमेकांना चिकटवायची आणि पंजा अरुंद झाला की बांगडी वर सरकवायची. सोजरबाई परकरी पोर होत्या तेव्हापासून हेच करत आल्या आहेत. कुठली बाई नुसती लाडानं "आई गं" म्हणते आणि कुणाच्या "आई गं"मध्ये खरं दुखणं आहे, हे त्यांना दाबताक्षणी कळतं. पुढे नांदेडच्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की सांधेदुखीचा पेशंट आला की त्याही हात असाच आवळून बघतात. हे मी सोजरबाईंना मोठ्या कौतुकानं सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मंग त्यांनी बांगड्या कामून न्हाई ठिवल्या?"

त्यांचं शास्त्र साधं आहे. बोटाच्या टोकाकडच्या पेराला गाठ असेल तर, "ही वयाची. ऱ्हाऊ द्या." एकाच हाताचा अंगठा ठणकत असेल तर, "ह्यो कामाचा. चार दिस मालकाला मळू द्या कणीक." पण दोन्ही हातांची बोटांची मुळं दुखत असली की त्यांचा आवाज खाली येतो. "दुखणं जोडीनं आलं की मला भ्या वाटतं, म्याडम." मग सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो याची चौकशी सुरू होते. घड्याळावर त्यांचा विश्वास नाही. चहा उकळेस्तोवर वळली तर फिकीर नाही. पोरं शाळेत जाईस्तोवर लागत असेल तर महिन्यानं परत या. आणि सकाळची नांदेडची गाडी जाईस्तोवर लागत असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत बसा आणि डॉक्टरीणबाईंना गाठा.

"आणि गाडी लेट असली तर?" मी एकदा विचारलं.

सोजरबाई विचारात पडल्या. "तेवढी चूक हुती कधी कधी," म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंसाठी त्या बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून चिठ्ठी देतात. "दोनी हात. मुळं दुखतेत. गाडी जाईस्तोवर. मायची बोटं वाकडी." एवढाच मजकूर. डॉक्टरीणबाईंच्या टेबलाच्या खणात अशा पुठ्ठ्यांची चळत आहे. एकही त्यांनी फेकलेला नाही.

या नादापायी सोजरबाईंनी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. एकदा लग्नघरी नवरीला चुडा भरायला गेल्या आणि जाता जाता नवरदेवाच्या आईचाही हात आवळला. मग भर मांडवात त्यांनी जाहीर केलं, "विहीणबाई, आमवात धरून राहिलाय ह्या हाताला. अक्षता पडल्या की नांदेड गाठा." झालं! मुलाकडचे तापले. आमच्या माणसांत खोट काढता म्हणून नवरीच्या बापाला धारेवर धरलं, आणि सोजरबाईंना न जेवता घरी यावं लागलं. चार-पाच महिन्यांनी तीच विहीणबाई नारळ आणि खण घेऊन दुकानात आली. तिचं औषध सुरू झालं होतं.

नेहमीच असं होतं असं नाही. एका वकिलीणबाईंना त्यांनी असंच घाबरवून नांदेडला पाठवलं. सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या आणि दुखणं आपोआप गेलं. बाई भांडायला आल्या. "काय हो, उगाच जिवाला घोर लावला माझ्या!" सोजरबाई ताडकन उठल्या, शेजारच्या दुकानातून पेढे आणले आणि रस्त्यावरच्या लोकांनाही वाटायला लागल्या. "खोटी पडले! घ्या, तोंड गोड करा, खोटी पडले मी!" वकिलीणबाई भांडण विसरून पेढा खात उभ्या राहिल्या. आपण चुकलो म्हणून पेढे वाटणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मग माझी पाळी आली. सकाळी उठल्यावर बोटं वळेनात. तवा उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. त्याहून वाईट म्हणजे खडू नीट धरता येईना. फळ्यावरचं माझं अक्षर ही माझी एकुलती एक मिजास आहे, आणि ते "क" काढताना थरथरायला लागलं. माझ्या घराजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, सूज नाही, रक्तातही काही दिसत नाही, कॅल्शियम घ्या. मला तेच ऐकायचं होतं. मी कॅल्शियम सुरू केलं आणि मागच्या गल्लीनं शाळेत जाऊ लागले. शिकलीसवरलेली बाई मी, पण एका कासारणीच्या दोन बोटांना घाबरून लपून हिंडत होते.

पंधरा दिवसांनी सोजरबाई थेट सहावीच्या वर्गात आल्या. मुलांसमोर त्यांनी माझा हात आवळला आणि मी मुलांसमोर किंचाळले.

"गाडी जाईस्तोवर?"

"हो."

"आन् मायची बोटं?"

माझ्या आईची बोटं शेवटी शेवटी वाकडी झाली होती. वयानं होतं, असं आम्ही सगळे म्हणायचो. "वाकडी," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सोजरबाई दुकान बंद ठेवून गाडीत माझ्या शेजारी बसल्या. पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहायच्या भानगडीतही पडल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज तुम्हाला आमवात, म्हणजे बोटं वाकडी करणारा संधिवात, नाही. नुसते सांधे दुखणारे पुष्कळ येतात, आणि बऱ्याच जणांचं दुखणं निघून जातं. कुणाचं जाईल आणि कुणाचं पुढे आमवातात जाईल, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आपण अंदाज बांधायचा." मग त्यांनी सीसीपी नावाची रक्ताची वेगळी तपासणी केली. तिचं उत्तर वाईट आलं. "शक्यता मोठी आहे," त्या म्हणाल्या. "लक्ष ठेवू. सूज दिसली की त्याच आठवड्यात या."

होणार की नाही होणार, अशा टांगणीला लागून मी तीन महिने काढले. तसले दिवस वैऱ्यालाही नकोत. लक्ष ठेवायचा जिम्मा अर्थात सोजरबाईंनी उचलला. येता-जाता हात द्यायचा, ही माझी हजेरीच झाली. एका सकाळी त्यांनी बोटाचं मूळ चाचपलं, पुन्हा चाचपलं. "आज मऊ लागून राहिलं, म्याडम. मऊ लागणं बरं न्हाई." मला काहीही दिसत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बोटांची सोनोग्राफी केली, तर आत सूज धरली होती. त्याच आठवड्यात माझी गोळी सुरू झाली. आठवड्यातून एकदा, दर रविवारी.

याला आता तीन वर्षं झाली. माझी बोटं सरळ आहेत. माझा "क" पुन्हा ऐटीत उभा राहतो. ही बोटं मला सोजरबाईंनी राखून दिली, हे मी कुणालाही सांगते. त्यांचे उपकार मी विसरले तर माझ्यासारखी करंटी मीच.

गेल्या महिन्यात मी साडी घेऊन पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी घरी बोलावलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. पलंगावर एक वयस्क बाई टेकून बसल्या होत्या आणि सोजरबाई त्यांना वरणभात भरवत होत्या. त्या बाईंच्या दोन्ही हातांची सगळी बोटं करंगळीकडे झुकून आखडलेली होती.

"ही माझी थोरली बहीण, आक्का," सोजरबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मुरुडला दिलती."

मग मी न विचारता त्या बोलायला लागल्या. धाकट्या भावाच्या लग्नाला आक्का मुरुडहून आल्या होत्या. हात दुखतात, बांगड्या नको म्हणत होत्या. "मी म्हणलं, सासरी जाऊन नखरे शिकली. साबण लावला आन् आवळला हात. डझनभर भरल्या. ती रडत हुती, आन् मी हासत हुते." पुढे चार-पाच वर्षांत बोटं वाकली. भाकरी थापता येईना, तशी मुरुडच्या लोकांनी आक्कांना माहेरी आणून सोडलं. "माझ्या हाताला तवाच कळलं हुतं, म्याडम. मलाच न्हाई कळलं."

"हिला कितींदा सांगितलं," आक्का म्हणाल्या, "दुखणं तुज्या आवळण्यानं न्हाई आलं. ऐकतच न्हाई." मग मला म्हणाल्या, "या हिकडं. हात द्या." मी हात पुढे केला. त्यांना तो धरता येईना, तेव्हा मीच त्यांची बोटं माझ्या मुठीत घेतली. आक्कांनी बराच वेळ माझ्या हाताकडे बघितलं. "तुमच्यासारखी एखादी बाई बरी हून दुकानात आली की त्या दिवशी ही धड जेवती. न्हाईतर मला भरवती आन् आपली उभ्यानं चतकोर खाती. येत जा तुमी."

सोजरबाई वाटी घेऊन उगाचच आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू राहिला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन ताटं होती. "बसा, म्याडम," एवढंच म्हणाल्या.

आक्कांचा भात राहिला होता. मी त्यांची वाटी माझ्याकडे ओढून घेतली, भात कालवला आणि त्यांना घास भरवायला लागले. सोजरबाई एकदा "अवो" म्हणाल्या, मग त्यांनी स्वतःचं ताट पुढे घेतलं. आक्का घास चावत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. बहिणीनं दुसरी भाकरी घेतली तेव्हा त्यांनी मला हळूच खुणावलं, बघा, जेवून राहिली.