प्रतीक्षाकक्षातलं बिऱ्हाड

कुलूपवाल्याची राहती इमारत धोकादायक ठरवून पाडण्यात आली, तेव्हा तो बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बेघर कुटुंब साहाय्य कार्यालयात गेला. कारकूनबाईंनी अर्ज घेतला, टोकन दिलं आणि प्रतीक्षाकक्षात बसायला सांगितलं. तिघं बसली.

जायला दुसरी जागा नसल्यामुळे ती संध्याकाळीही बसून राहिली. रखवालदार भला होता, त्याने हुसकावलं नाही. बायकोने खिडकीच्या गजांना दोरी बांधून कपडे वाळत घातले. मुलगी तक्रारपेटीवर वही ठेवून गृहपाठ करू लागली. पेटीचा एवढा उपयोग पूर्वी कुणी केला नव्हता.

एकतिसाव्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"अभिनंदन. तीस दिवस एका छपराखाली राहिलेलं कुटुंब बेघर धरता येत नाही. अर्ज निकाली."

"साहेब, छप्पर तर तुमचं आहे."

"छप्पर कुणाचं, असा रकाना नाही."

"मग आम्ही बाहेर पडतो," बायको म्हणाली.

"खुशाल पडा. पण स्वतःहून घर सोडणाऱ्याला पाच वर्षं अर्ज करता येत नाही."

तेव्हा तिघं तिथेच राहिली. पुढच्याच आठवड्यात तपासनीस आला. बायको बाकावर कांदा चिरत होती.

"ही नोंदीप्रमाणे निवासी जागा," तो साहेबांना म्हणाला. "इथे कचेरी चालवायला घरच्यांची संमती आहे का?"

साहेबांनी कुलूपवाल्याकडे पाहिलं. कुलूपवाल्याने बायकोकडे पाहिलं.

"माझी हरकत नाही," ती म्हणाली. "फक्त दुपारी शिक्के जरा हळू मारा. पोर शाळेतून दमून येते."

साहेब दुसऱ्या दिवसापासून चपला दाराबाहेर काढून आत येऊ लागले. पण वरिष्ठांना हे पटलं नाही. कुणाच्या घरात सरकारी कचेरी थाटणं हे अतिक्रमण ठरलं आणि कार्यालय उचलून फुटपाथवर ठेवण्यात आलं. साहेबांनी जागेसाठी रीतसर अर्ज केला. बेघरांचे अर्ज त्यांच्याकडेच येत असल्यामुळे तो त्यांनीच स्वीकारला आणि कारकूनबाईंनी त्यांना टोकन दिलं.

आता आत कार्यालय नव्हतं. कार्यालय नसलेली सरकारी इमारत रिकामी समजून बंद करावी, असा नियम निघाला. कुटुंबाला बाहेर काढण्यात आलं आणि दाराला कुलूप बसवायला कुलूपवाल्यालाच सांगितलं. त्याने ते नीट बसवलं, दोनदा ओढून पाहिलं.

"बाबा, किल्ली आपल्याकडे राहणार ना?" मुलीने विचारलं.

"नाही गं. जमा करायची असते."

त्याने नवा अर्ज लिहायला घेतला, तर साहेब पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले, "अहो, तुम्हाला घर आहे. आमच्या नोंदीत आहे."

वर्षअखेरीच्या अहवालात बेघर कुटुंबांची संख्या एकाने घटली. वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर छापली. तुम्ही-आम्ही ती सकाळी चहा घेताना वाचली, सरकार काहीतरी करतंय म्हणून बरं वाटलं, आणि फुटपाथ अडवून बसलेल्या तिघांना ओलांडून वेळेवर कामाला पोचलो.