आठ कप्प्यांचं कॅबिनेट

त्या शनिवारी तालीम संपल्यावर आमचा गिटारवाला गिटार पेटीत ठेवता ठेवता मला म्हणाला, "पुढच्या वेळी तरी येशील ना?"

मी सव्वादोन तास त्याच्या डाव्या हाताला दीड फुटावर उभा होतो. शर्ट पाठीला चिकटला होता आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले होते. मी त्याला फोड दाखवले.

"अरे, म्हणजे वाजवत होतास?" तो म्हणाला. "मला वाटलं, नुसता भेटायला आलायस."

मी बास गिटार वाजवतो. (चार जाड तारा, लांब दांडी आणि जमिनीखालून आल्यासारखा आवाज.) इमारतीला जसा पाया तसा बँडला बास, असं म्हणतात. पाया जमिनीत पुरलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, हेही त्यातच आलं. त्यातून आमचा बँड म्हणजे सगळा गोंगाटाचा कारभार. ढोल-ताशे, म्हणजे ज्याला ड्रम्स म्हणतात ते, वाजवतात दातांचे डॉक्टर. आठवडाभर ते लोकांच्या तोंडात इतक्या हळुवार हातांनी काम करतात की उरलेला सगळा जोर शनिवारी त्यांच्याच गॅरेजमध्ये बाहेर पडतो. गायक वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. सहा दिवस तो लोकांची बोलणी खातो आणि सातव्या दिवशी व्याजासकट परत करतो. गिटारवाला विमा एजंट आहे. समोरच्याला बोलू द्यायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम आणि गिटारचाही. उरलो मी. एका मोठ्या ऑफिसात आवक-जावक कारकून. आलेलं टपाल वहीत लिहायचं, गेलेलं टपाल वहीत लिहायचं. मध्ये काय होतं, ते मला कोणी विचारत नाही.

माझा अॅम्प्लिफायर शाळेच्या दप्तराएवढा होता. त्याचा आवाज ड्रम्सपुढे म्हणजे लग्नाच्या पंगतीत कानात सांगितलेलं गुपित. मी ठरवलं, बस झालं. आता आपल्याला ऐकू यायचं.

(आयुष्यात मी स्वतःहून घेतलेले निर्णय एकूण तीन. बाकीच्या दोहोंबद्दल इथे न बोललेलं बरं.)

दुसऱ्या दिवशी मी वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा होता आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांनी चुकीचं वाजवलेलं ऐकून त्याच्या चेहऱ्यावर कायमची शांतता आली होती.

"बाससाठी आवाज पाहिजे," मी म्हणालो.

"बँडमध्ये ड्रम्स कोण वाजवतं?"

"दातांचे डॉक्टर."

त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि आतल्या खोलीत नेलं. तिथे भिंतीला लागून काळ्या पेट्या उभ्या होत्या. एकात एक मोठा स्पीकर, एकात दोन, एकात चार, आणि कोपऱ्यात, सगळ्यांचा सासरा शोभावा असं, आठ स्पीकरचं धूड. खालचे सूर पोचवायला गिटारच्या चौपट ताकद लागते, असं त्याने मला समजावलं. मग म्हणाला, "पण माझं ऐका. दोन-दोन स्पीकरची दोन छोटी कॅबिनेटं घ्या. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं. माणसाने आपल्याला एकट्याने जिना चढवता येईल तेवढाच आवाज घ्यावा."

इतका शहाणपणाचा सल्ला मला त्याआधी कोणी दिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. पण मी त्या आठ स्पीकरच्या धुडासमोर उभा होतो. ते पासष्ट किलोचं होतं. मी त्रेसष्ट. वीस वर्षं कुठेही माझ्या बाजूने इतकं वजन पडलं नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"कुठे आहात?"

"दुकानात. कॅबिनेट बघतोय."

मग ती म्हणाली, "खरंच?" हा सूर मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

"हो. किती दिवस मनात होतं."

"तुमच्या कुठलं, माझ्याच मनात होतं. केवढं आहे?"

"चार फूट उंच. दोन फुटांहून थोडं जास्त रुंद."

"आणि आत किती आहेत?"

"आठ."

"आठ म्हणजे पुष्कळ झाले," ती म्हणाली. "मी चारावरसुद्धा भागवलं असतं."

जिने आजवर माझ्या बासला 'तुमचं ते तुणतुणं' याखेरीज काही म्हटलं नाही, ती चार स्पीकरवर भागवायला तयार होती. "नाही," मी म्हणालो, "घ्यायचं तर नीट घ्यायचं. काळ्या रंगाचं आहे, चालेल ना?"

"चालेल की. डाग दिसणार नाहीत. चाकं आहेत का?"

"आहेत, मागच्या बाजूला."

"मग तर फारच छान. हलवून खालचं झाडता येईल."

हे वाक्य मला जरा वेगळं वाटलं. पण बायका प्रत्येक गोष्टीत आधी खालचं झाडण्याचा विचार करतात, असं मनाशी म्हणून मी पुढे बोललो, "बघच तू. एकदा घरी आलं की सगळी बिल्डिंग ऐकत राहील."

"ऐकू दे," ती म्हणाली. "मी सगळ्यांना बोलावून दाखवणार आहे. मी तोवर जुनं काढून टाकते."

जुनं म्हणजे माझा दप्तराएवढा अॅम्प, अशी माझी समजूत. फोन ठेवून मी धूड घेऊन टाकलं. निघताना दुकानदार मागून म्हणाला, "हेडचं तेवढं बघा." दुकानाचं दार बुटकं होतं. मी डोकं वाकवून, त्याचे आभार मानून बाहेर पडलो.

टेम्पोवाल्याने आणि मी मिळून ते आमच्या बिल्डिंगपर्यंत आणलं. लिफ्टमध्ये कॅबिनेट गेलं, पण मग दार लागेना. दार लावायचं तर कॅबिनेट बाहेर काढावं लागत होतं, असा एकूण पेच. शेवटी जिना धरला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते असं काही अडकलं की पुढेही जाईना आणि मागेही येईना. मी वरच्या बाजूला, टेम्पोवाला खालच्या बाजूला. आमची तोंडंही एकमेकांना दिसत नव्हती.

"साहेब," खालून आवाज आला, "मी अजून इथेच आहे."

दुसऱ्या मजल्यावरचे काका जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले आहेत. ते टेप घेऊनच बाहेर आले. कॅबिनेट मोजलं, जिना मोजला, माझ्या चेहऱ्याकडे असं पाहिलं की मीही मोजला गेल्यासारखं वाटलं. मग एका पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी आकृती काढली.

"हे इथून वळणार नाही," ते म्हणाले.

"पण काका, इथवर तर आलं."

"तेच मला कळत नाहीये. हिशेबाप्रमाणे हे इथवरसुद्धा यायला नको होतं."

त्याच वेळी वरून बायको उतरली. हातात स्वच्छ फडकं, मागे शेजारच्या दोघीजणी. ती इतकी खुशीत होती की मी वजन विसरून हसलो. तिने फडक्याने कॅबिनेटचा वरचा भाग पुसला, मागे सरून पाहिलं, पुढची काळी जाळी चाचपली.

"दार कुठून उघडतं?" तिने विचारलं.

"दार नाहीये."

"मग डबे कुठून ठेवायचे?"

"कसले डबे?"

काकांनी टेप गुंडाळायला घेतला. खट्खट् करत तो आत गेला, तेवढाच आवाज जिन्यात झाला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"स्पीकर."

"आणि कॅबिनेट?"

"हेच."

शेजारच्या दोघींना एकाच वेळी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं आणि त्या गेल्या.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. ती कधी आवाज चढवत नाही. उत्तर चुकलं की ती विद्यार्थ्याला फक्त त्याच्याच पायऱ्या पुन्हा बघायला लावते. तिने मला तसंच त्या पायऱ्यांवर सोडलं आणि वर निघून गेली. मी कॅबिनेट तसंच टेम्पोवाल्याच्या भरवशावर सोडून तिच्या मागे गेलो, तर स्वयंपाकघरात सगळे डबे, बरण्या, ताटं, वाट्या आणि पातेली जमिनीवर मांडलेली. भिंतीवर फक्त जुन्या कपाटाचा फिकट चौकोन. जुनं कपाट सुतार दुपारीच घेऊन गेला होता. माझी आई त्या डब्यांच्या मधोमध खुर्चीवर बसून होती, कारण बाहेर यायला वाट उरली नव्हती.

"आलं का रे कपाट?" तिने विचारलं.

"येतंय," बायको म्हणाली. "जिन्यात वाजतंय."

संध्याकाळी डॉक्टर, गायक आणि एजंट आले. काकांच्या देखरेखीखाली चौघांनी मिळून कॅबिनेट उलटं खाली उतरवलं आणि डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये नेलं. टेम्पोवाल्याची सुटका झाली. सुताराने नव्या कपाटाला तीन आठवडे सांगितले. त्या तीन आठवड्यांत स्वयंपाक चालू असताना उकिडवं बसून हळद, मीठ, पीठ काढून द्यायचं आणि परत जागेवर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे दिवसा ऑफिसात आवक-जावक आणि सकाळ-संध्याकाळ घरी. फरक एवढाच, की घरी वही नव्हती आणि चूक लगेच सापडत होती.

गॅरेजमध्ये पहिल्या शनिवारी मी बासची वायर घेऊन कॅबिनेटभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"हेड कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी कपाळाला हात लावला. तो मी हेड दाखवायला लावला असं त्यांना वाटलं की पश्चात्तापाने, देव जाणे. कॅबिनेट म्हणजे नुसते स्पीकर असतात, त्यांना आवाज देणारं यंत्र म्हणजे हेड वेगळं घ्यावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदाराकडे गेलो. माझ्याजोगतं हेड भाड्याने गेलं होतं. ते थेट आमच्या ऑफिसच्या संमेलनाच्या दिवशी सकाळी मिळणार होतं, आणि त्याच दुपारी त्या संमेलनात आमचा बँड वाजवणार होता. म्हणजे तालमी जुन्याच अॅम्पवर झाल्या. (एजंटने त्यातल्या एका तालमीनंतर मला मी कसा आहे म्हणून फोन केला.)

घरी मी बायकोला इतकंच म्हणालो, "एकदा येऊन ऐक. नाही आवडलं तर मी बास विकून टाकीन."

"दोन्ही विकाल?" तिने विचारलं. "स्पीकरपण?"

"दोन्ही."

ती आली. तिसऱ्या रांगेत, माझ्या आईच्या शेजारी बसली. एकोणीस वर्षांच्या संसारात ती मला पहिल्यांदाच ऐकणार होती, कारण त्याआधी ऐकण्यासारखं काही बाहेरच पडलं नव्हतं. मी हेडचं बटण सहावर नेलं आणि पहिला सूर वाजवला.

तो सूर मी कधी विसरणार नाही. तो आधी तळपायांना कळला, मग पोटाला आणि सगळ्यात शेवटी कानांना. गायकासमोरचा माइक स्टँडसकट पाठमोरा झाला. पहिल्या रांगेत आमच्या साहेबांपुढच्या टेबलावर पाण्याचा पेला होता, तो आपण होऊन कडेपर्यंत चालत गेला. माझ्या आईला गेली पाच वर्षं उजव्या कानाने कमी ऐकू येतं. तिने त्या कानावर हात ठेवला. मला रडू यायचं बाकी होतं. मी बटण सातवर नेलं.

दुसऱ्या गाण्याला गायक माझ्याकडे वळून बघायला लागला. मग डॉक्टर बघायला लागले. इतकी वर्षं ज्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ती माणसं वाजवता वाजवता माझ्याकडे टक लावून बघत होती. मी मान डोलावून त्या कौतुकाचा स्वीकार केला. तेवढ्यात एजंट गिटार वाजवत माझ्या कानाशी आला.

"तू हे काय वाजवतोयस?"

"दुसरं गाणं."

"हे दुसरं गाणं नाहीये."

"मग कितवं आहे?"

"हे कुठलंच नाहीये," तो म्हणाला. "कधीपासून असं वाजवतोस?"

मी खरं तेच सांगितलं. "पहिल्यापासून."

सहा वर्षं. दर शनिवारी, सव्वादोन तास. गाण्याचे सूर वर चढले की मी इमानेइतबारे खाली उतरत होतो, आणि आमच्या बँडला सांभाळून घेणारी एकच गोष्ट म्हणजे तो दप्तराएवढा अॅम्प होता. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायको ताठ बसली होती. वहीतलं गणित तपासताना बसते, तशी.

मी हळूच हात मागे नेला आणि बटण शून्यावर आणलं. उरलेली पाच गाणी मी डोळे मिटून, मान हलवून, अगदी जीव ओतून वाजवली. ती सुरेख झाली. लोकांनी पायाने ठेका धरला. शेवटच्या गाण्याला तर 'पुन्हा एकदा'ची फर्माईश आली.

कार्यक्रम संपल्यावर साहेब माइकपाशी आले. "कार्यक्रम उत्तम झाला," ते म्हणाले. "सुरुवातीला कसलातरी बिघाड होता. घूं घूं असा आवाज येत होता, छातीत धडधडायला लागलं होतं. पण कोणीतरी प्रसंगावधान राखून तो वेळीच बंद केला. ज्यांनी केला त्यांनी पुढे यावं."

डॉक्टरांनी दवाखान्यातल्या हळुवार हाताने मला पुढे केलं.

टाळ्या पडल्या. स्टेजवर मला पडलेल्या पहिल्याच टाळ्या. तिसऱ्या रांगेत माझी बायको वाजवत होती, आणि बाकीचे थांबल्यावरही थोडा वेळ वाजवत राहिली. साहेबांनी माझा हात हातात घेतला.

"साउंडवाल्यांकडचे ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षं मी रोज सकाळी साडेदहाला त्यांच्या टेबलावर टपाल नेऊन ठेवतो.

"हो," मी म्हणालो.