अंगचं चुंबकत्व

"आज संध्याकाळी मी कायम होऊनच घरी येणार!" डॉक्टरांनी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं.

"या हो. पण आधी शर्ट काढा, उलटा घातलाय," बायको म्हणाली.

हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, पदार्थविज्ञानाचे. सहा वर्षं प्रयोगशाळेत 'तात्पुरते' म्हणून राबत होते. दर वर्षी मुदत संपत आली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. यंदा मात्र त्यांनी असा शोध लावला होता, की त्यांना कायम करण्यावाचून प्रयोगशाळेला गत्यंतरच नव्हतं! असं त्यांचं म्हणणं होतं. प्रयोगशाळेचं म्हणणं अजून कुणी विचारलं नव्हतं.

शोध काय, तर एका अणूइतक्या पातळ थरात चुंबकत्व! तेही थराच्या अंगचं, बाहेरून उसनं आणलेलं नाही. असले पातळ चुंबक बहुधा गारठवून ठेवले तरच टिकतात. जरा ऊब लागली की त्यांचं अवसान गळतं. डॉक्टरांचा थर मात्र साध्या खोलीत, पंख्याखाली, भर दुपारी खुशाल चुंबकपणा करत होता.

"अगं, इलेक्ट्रॉनला फिरकी असते," त्यांनी बायकोला समजावलं होतं. "सगळ्या फिरक्यांची तोंडं एका दिशेला वळली की झालं चुंबक! उद्या सगळी माहिती ह्या फिरकीवर धावेल. फोन तापायचे बंद!"

"सगळ्यांची तोंडं एका दिशेला? इथे दोघांची होत नाहीत!" असं म्हणून ती समोर बसलेल्या बाईच्या भुवया कोरायला वळली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं.

डॉक्टर सावधपणाच्या बाबतीत कुणाला ऐकणारे नव्हते. नमुने उचलायचा त्यांचा चिमटा खास टायटॅनियमचा, चुंबकाला अजिबात न चिकटणारा. प्रयोगशाळेत कुणा ऐऱ्यागैऱ्याचा हात लागू नये म्हणून ते तो रोज घरी आणत आणि बेसिनशेजारच्या पेल्यात उभा करून ठेवत. केवढी ही दक्षता!

प्रयोगशाळेत मोजणीचं यंत्र एक बाई सांभाळत. त्यांना सगळे मोजणीबाईच म्हणत. त्यांनी दोनदा सुचवून पाहिलं होतं, "डॉक्टर, थर न बसवलेला कोरा तुकडाही एकदा मोजून घ्या ना."

"बाई, कोऱ्यात काय मोजायचं? कोरा म्हणजे कोरा!"

ठीक अकराला, कुणाला कायम करायचं हे ठरवणारी समिती आली. अध्यक्ष म्हणजे एक वाळकेसे म्हातारे गृहस्थ, येतानाच जांभई देत आलेले. डॉक्टरांनी चिकटपट्टीने स्फटिकाचा पापुद्रा काढला, सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर थर बसवला आणि तुकडा चिमट्याने यंत्रात ठेवला. पडद्यावर रेघेने झोकदार वळसा घेतला. चुंबक असल्याची खूणच ती! समितीने टाळ्या वाजवल्या.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "आता कोरा तुकडा दाखवा."

मोजणीबाई एकदम छताकडे पाहू लागल्या.

डॉक्टरांनी हसत हसत नवा तुकडा चिमट्यात धरला. तो जागेवर नीट बसेना, म्हणून दोनदा चिमट्याने ढकलला आणि यंत्र सुरू केलं. पुन्हा वळसा! आधीपेक्षा गुबगुबीत!

"हा कोरा?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोराच, सर."

"मग ह्यात चुंबक कुठून आलं?"

पण सहा वर्षं तात्पुरता राहिलेला माणूस इतक्यात हार मानतो होय! "सर, म्हणजे हा तर त्याहून मोठा शोध! थराचा नुसता सहवास लाभला तरी शेजारच्या सिलिकॉनला—"

"असं? मग मीही अर्धा तास इथेच बसलोय. मलाही लागलं असेल. मोजता का?"

हशा पिकला. मोजणीबाईंनी कपाटाच्या दारावरचं लोहचुंबक काढलं आणि चिमट्याजवळ नेलं. टक्! टायटॅनियमचा चिमटा टुणकन उडून चुंबकाला बिलगला.

अध्यक्षांनी खिशातून भिंग काढलं. "टोकाला एक केस दिसतोय. तुमचा का?"

सगळ्यांनी डॉक्टरांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे संशयाला जागाच नव्हती.

डॉक्टरांनी घाईघाईने बायकोला फोन लावला. घाबरगुंडीत स्पीकरचं बटण दाबलं गेलं. "अगं, बेसिनजवळच्या पेल्यातला चिमटा—"

"अय्या, तो प्लकर तुमचा होता? दोन महिने मी तोच वापरतेय! काय पकडतो हो केस, बायका नुसत्या खूश आहेत! आणि माझा जुना स्टीलचा कुठे गेला म्हणून मी घर पालथं घातलं. तुम्ही नेलात की काय? बरं, झालात का कायम?"

डॉक्टरांनी फोन बंद केला. दोन महिने ते स्वतःच्या हाताने प्रत्येक तुकड्याला स्टीलचे कण फासत होते आणि त्यांचंच चुंबकत्व मोजून हरखत होते! त्यांना फार, फार वाईट वाटलं. आता घरी बसायचं, एवढंच डोक्यात धरून ते खाली मान घालून उभे राहिले.

समिती आतल्या खोलीत गेली. पाऊण तासाने बोलावणं आलं.

"तुम्हाला कायम करायचं ठरलंय," अध्यक्ष म्हणाले.

"सर! म्हणजे माझा शोध—"

"शोध केराच्या टोपलीत गेला. पण लोखंड कसं गुपचूप आत शिरतं, हे तुमच्याइतकं भोगलेला माणूस आम्हाला मिळायचा नाही. उद्यापासून लोहचुंबक घेऊन दारात उभं राहायचं. आत येणाऱ्या प्रत्येकाची हत्यारं तपासायची. चिकटलं, की बाहेर!"

संध्याकाळी पार्लर भरलेलं होतं. "आमचे हे कायम झाले हो!" बायको अभिमानाने सांगत होती. "अख्ख्या प्रयोगशाळेचं चुंबकाचं काम आता ह्यांच्याकडेच आहे!"

आतल्या खोलीत डॉक्टर ऐकत बसले. बाहेर जाऊन तिला दुरुस्त करावं असं त्यांना फार वाटलं, पण त्यात चुकीचं एक अक्षरही सापडेना.