समानुभूतीत नापास

लिमयेबाई समानुभूतीच्या प्रात्यक्षिकात नापास झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी फेरतपासणीचा अर्ज मागायला विद्यापीठात गेल्या. मी सोबत होतो, कारण स्कूटर माझी होती.

खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, लेखी पेपरची फेरतपासणी होते. प्रात्यक्षिकाची नाही होत."

"का? केलेली समानुभूती नंतर पुसली जाते का?"

तो माणूस आधी माझ्याकडे बघायला लागला, मग कॅलेंडरकडे. लिमयेबाईंपुढे लोकांचं असंच होतं. मुलींच्या एका शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. त्या व्हरांड्यातून चालू लागल्या की पुढचे चार वर्ग आपोआप शांत व्हायचे म्हणे. आता कोथरूडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहतात आणि त्या जिन्याशी आल्या की आमचे वरचे दोन मजले शांत होतात.

दीड वर्षापूर्वी जिन्यातच त्यांनी मला सांगितलं होतं, "साठे, मी विद्यापीठात प्रवेश घेतलाय."

"शिकवायला?"

"शिकायला. शिकवून झालं."

'समुपदेशन, संगीतोपचार आणि शिक्षण' असं त्या पदविकेचं नाव. या तीन गोष्टी एकत्र का बांधल्या, हे विद्यापीठाला विचारू नये. सुट्या ठेवल्या असत्या तर तिन्हींकडे कोणी फिरकलं नसतं. वर्गात सगळ्या विशी-पंचविशीच्या मुली आणि पहिल्या बाकावर लिमयेबाई. शिकवायला ऋतुजा मॅडम. या ऋतुजा मॅडम आठवीत असताना बाईंच्या हाताखालून गेलेल्या. बाई वर्गात शिरल्या की मॅडम पटकन उठून उभ्या राहायच्या आणि मग, शिकवायचं आपल्यालाच आहे हे आठवून, कोरा फळा पुसायच्या. बाईही वर्गात त्यांना न चुकता 'मॅडम' म्हणायच्या. "मॅडम, तिसऱ्या स्लाइडवर 'मानसिक'मधली वेलांटी चुकली आहे." तास संपला की लगेच, "ऋतुजा, अगं, किती बारीक अक्षरात लिहितेस!"

वर्गात शिकलेलं घरी करून बघा, असं तिथे सांगत. बाईंच्या घरी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आम्ही.

पहिलं सत्र संगीतोपचाराचं होतं. मला पित्ताचा त्रास आहे, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि मोबाइलवर कुठलासा सकाळचा राग लावला. वेळ संध्याकाळची होती, पण पित्त सकाळचं होतं, म्हणून चालेल म्हणाल्या. दहा मिनिटं आलाप चालला. मग मध्येच जाहिरात सुरू झाली. मी डोळे उघडले, तर बाईही डोळे मिटून, गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होत्या. जाहिरात संपली. बाईंनी हळूच विचारलं, "आता काय वाटतंय?"

"गृहकर्ज घ्यावंसं वाटतंय."

"मोकळेपणाने बोलताय, ही चांगली खूण आहे," असं म्हणून त्यांनी पुढचा आलाप लावला. बाईंना सूर कळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग पदविकेत संगीत कशाला घेतलं, असं मी विचारलं. "वेळापत्रकात होतं," एवढंच म्हणाल्या.

समुपदेशनाचे प्रयोग जास्त धोक्याचे होते. समोरचा जे बोलतो तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे त्याला आपण ऐकतोय असं वाटतं, असा तिथला एक धडा होता. बाईंनी तो सोसायटीच्या सभेत वापरला. पाण्याच्या टाकीवरून वाद चालला होता. आमचे सेक्रेटरी बराच वेळ बोलले. टाकी धुतली, पण झाकण लावायचं राहिलं, पण तसं ते कोणाचंच काम नव्हतं, असं काहीसं. बाई शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मला असं ऐकू येतंय, की आपल्याला आपण बिनडोक आहोत असं वाटतंय."

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे राजीनामा दिला. बाईंना आश्चर्य वाटलं. "मी त्यांचंच त्यांना परत दिलं," म्हणाल्या. "माझं काहीच घातलं नाही."

रिक्षावाल्यांनाही हे भोगावं लागलं. मीटरने येणार नाही म्हणणाऱ्या एकाला त्यांनी विचारलं होतं, "हे नाही म्हणणं लहानपणापासून आहे का?" तो मीटरने आला, आणि वर स्वारगेटपर्यंत आपल्या सासऱ्याबद्दल बोलत राहिला. बाईंनी हा प्रसंग यशस्वी म्हणून वर्गात सांगितला.

इतकी तयारी करूनही त्या नापास कशा झाल्या, ते मला ऋतुजा मॅडमकडून कळलं. प्रात्यक्षिकात एका मुलीने दुःखी व्हायचं आणि दुसरीने ऐकून घ्यायचं, असं होतं. समोरची मुलगी मनापासून रडली. चार वर्षांपासूनचा मित्र सोडून गेला, दोन महिने फोन उचलत नाही, वगैरे. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "सुटलीस. पुढे?"

चाळीसपैकी अकरा.

"मी तिच्याच बाजूने बोलले होते!" बाईंचं म्हणणं. "आणि मला समानुभूती शिकवतात! सहानुभूती म्हणजे अरेरे म्हणणं, समानुभूती म्हणजे अरेरे न म्हणता आपल्याला तसं वाटणं. यावर लेखीत मला पैकीच्या पैकी आहेत."

फेरतपासणी होत नाही म्हटल्यावर फेरपरीक्षा द्यायची ठरली. पण ऋतुजा मॅडमनी एक अट घातली. वर्षभर बाई फक्त समुपदेशक झाल्या होत्या. एकदाही त्या दुःखी माणसाच्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. पाळी आली की, "मला काही प्रॉब्लेम नाही, पुढची घ्या," म्हणायच्या. आता ते चालणार नव्हतं. निदान एकदा कोणासमोर तरी बसून, आपली अडचण सांगून यायची आणि मगच परीक्षेला बसायचं.

रविवारी दुपारी बाई आमच्याकडे आल्या. माझी बायको नीला चहा टाकायला उठली, तर तिला म्हणाल्या, "नीला, तुम्ही जरा आत बसा. मला साठ्यांसमोर दुःखी व्हायचंय."

"माझ्यासमोर व्हा ना," नीला म्हणाली. "यांना काय कळतंय!"

"तुम्ही सल्ला द्याल. यांना काही सुचत नाही. तेच पाहिजे."

नीला आत गेली. दार तिने पूर्ण लावलं नाही.

बाई खुर्चीत ताठ बसल्या. पदराचं टोक सारखं केलं. "समजा," म्हणाल्या, "एक मुख्याध्यापिका आहे. आणि तिची धाकटी बहीण त्याच शाळेत गाणं शिकवते. दोघींनी लग्न केलं नाही, एकाच घरात राहतात."

मला पुढे काय म्हणायचं असतं ते आठवेना. मी म्हटलं, "मग?"

"'मग' हा मुक्त प्रश्न आहे. बरोबर आहे." आणि त्या पुढे बोलू लागल्या. "दहावीचा निकाल घसरला होता. संस्थेचे लोक मागे लागले होते. या मुख्याध्यापिकेने वेळापत्रक बदललं. गाण्याचे तास काढले आणि गणिताला दिले. निकाल सुधारला. खूप सुधारला. सत्कार झाला."

"आणि बहीण?"

"तिला शाळेत काम उरलं नाही. म्हणजे ग्रंथालयात बस म्हटलं होतं, पगार तोच. पण ती सोडून गेली. शाळाही आणि घरही. विश्रांतवाडीला असते. मुलींना शिकवते."

"भेटता?"

"मी कुठे? ती मुख्याध्यापिका," बाई म्हणाल्या. "नाही भेटत. एकदा फोन केला होता. तिने उचलला. मग काय बोलायचं असतं ते हिला आठवेना, म्हणून हिने विचारलं, गॅसची नळी बदललीस का? आणि ठेवला."

आतून भांड्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

"मग आता त्या बाईला काय करायचंय?" मी विचारलं.

लिमयेबाई माझ्याकडे, काही न येणाऱ्या मुलीकडे बघावं तशा बघत होत्या. "ते तिला कळलं असतं, साठे, तर ती या वयात पदविका करत बसली असती का?"

नीला चहा घेऊन आली. तिने सल्ला दिला नाही. एवढंच म्हणाली, "यांच्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे."

पुढच्या शनिवारी आम्ही विश्रांतवाडीला निघालो. बाईंनी बोलायचं वाक्य तयार केलं होतं. 'मंदा, तेव्हा तुला काय वाटलं, ते मला ऐकायचं आहे.' प्रत्येक सिग्नलला त्या ते माझ्या कानाशी म्हणून बघत. येरवड्याच्या सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवरचा माणूस चमकून आमच्याकडे बघायला लागला.

मंदाताईंचं घर पहिल्या मजल्यावर. शिकवणी नुकतीच संपली होती, मुली चपला घालून निघत होत्या. दारात मंदाताई उभ्या होत्या. बाईंपेक्षा ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. त्यांनी बहिणीला पाहिलं आणि दाराची कडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

बाईंनी तोंड उघडलं. वाक्य आलं नाही. "जिन्यात दिवा नाही तुमच्या," त्या म्हणाल्या.

"सोसायटी बघतेय," मंदाताई म्हणाल्या. मग कडी सोडून, "ये. तुम्हीही या."

सतरंजीवर पेटी अजून उघडीच होती. आम्ही बसलो. शेवटी मंदाताईंनीच विचारलं, "का आलीस, ताई?"

"ऐकायला," बाई म्हणाल्या.

मंदाताई थोडं हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "तास काढलेस, ते मी समजू शकले असते," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर दडपण होतं, मला दिसत होतं. पण आपण रोज समोरासमोर बसून जेवायचो, ताई. आदल्या रात्री तू मला आमटी वाढलीस. आणि दुसऱ्या दिवशी मला स्टाफरूमच्या फळ्यावरून कळलं. सगळ्या बायकांच्या देखत मी ते वाचलं. कोणीतरी मला खुर्ची पुढे केली."

घरी शाळेचा विषय काढायचा नाही, हा बाईंचा नियम आमच्याही कानावर आलेला होता. तो नियम त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

मंदाताई खूप वेळ बोलल्या. मध्ये रडल्या, मध्ये चिडल्या. "तुझ्या निकालाचा पेढा मला पोस्टाने आला!" असंही म्हणाल्या. त्यातल्या काही गोष्टी बाईंवर अन्यायाच्या होत्या, ते मलासुद्धा कळत होतं. एकदा त्यांनी साल चुकीचं सांगितलं, तेव्हा बाईंची मान किंचित वर झाली. मी मनातल्या मनात हात जोडले. मान खाली आली. बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या.

शेवटी मंदाताई थांबल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "तुझं काय म्हणणं आहे?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "फळ्यावर लिहायला नको होतं."

मंदाताई उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. जरा वेळाने बाईही उठून आत गेल्या. मी सतरंजीवर एकटाच राहिलो. आतून साखरेवरून वाद ऐकू आला. तो ऐकून मला फार बरं वाटलं.

फेरपरीक्षा त्यानंतर आठवड्याभराने होती. त्या दिवशी दुपारी ऋतुजा मॅडमचा फोन आला. "काका, बाई आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?" आवाज घाबरलेला होता. "मी आज पास करणार होते हो त्यांना."

मी खाली जाऊन बघितलं, तर दाराला कुलूप. संध्याकाळी बाई जिन्याशी भेटल्या, घामाघूम.

"बाई, आज परीक्षा होती!"

"होती. मंदाच्या पेटीचा भाता फाटलाय. दुरुस्तीवाला आजच भेटणार होता. तिच्याने एवढं वजन उचलत नाही."

"मग पदविका?"

"राहील."

आता गुरुवारी आणि शनिवारी त्या बसने विश्रांतवाडीला जातात. मी विचारलं, तिथे काय करता. म्हणाल्या, "ती शिकवते. मी मागे बसते."

"सूर कळायला लागला म्हणा!"

"छे. तो आता नाही कळायचा." त्या पिशवीत किल्ली शोधत होत्या. "साठे, मुलगी चुकली ना, की मंदा तिला थांबवत नाही. ती स्वतः तेच परत गाते. मुलगी ऐकते आणि आपली आपण सुधारते. इतकी वर्षं ती माझ्या शाळेत असंच शिकवत असणार. मी तिच्या वर्गावर जायचे, ते फक्त 'आवाज कमी करा' सांगायला."

किल्ली सापडली, पण कुलपात बसेना. दोनदा खाली पडली. मी हात पुढे केला.

"राहू द्या. जमतंय मला," बाई म्हणाल्या. आणि किल्ली माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.