अप्पांनी बसायचं कुठं?

आमच्या कांगवनच्या डोंगरात जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप घालावेत तर मीच! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पाइप वाकवायला अशी काय मोठी अक्कल लागते?

घाईही होती. वसंतात आई गेली. त्यानंतर ब्याऐंशी वर्षांचे आमचे अप्पा मागच्या खोलीची चूल एकटेच पेटवायचे. तिचा धूर जमिनीखालून फिरतो आणि खोली तापते. पण ऑक्टोबरात लाकडं फोडताना अप्पा पडले, कंबर धरली. सोलहून माझी धाकटी बहीण कुमोक फोनवर कडाडली, "दादा, तुला जमत नसेल तर मी अप्पांना वृद्धाश्रमात नेते. जागा धरून ठेवलीय. पुढच्या महिन्यात येतेय मी!"

"ये आणि बघ!" मीही तापलो. "बटण दाबलं की खोली गरम. लाकूड नको, धूर नको!"

फोन ठेवला. अप्पा गेले तर या घरात काय उरणार होतं?

चूल मोडली. पाइपची तीन वेटोळी घातली : एक समोरच्या, चूल होती त्या भिंतीकडे, एक मध्ये, एक दाराशी. वर सिमेंटचा थर. तो वाळेपर्यंत अप्पा आमच्या खोलीत आणि मी नि मिरान, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात. प्रत्येक वेटोळ्याचा एक, असे पाण्याचे तीन कॉक स्वयंपाकघरात, बाजूच्या भिंतीच्या पलीकडे होते. त्यांच्यावर मी फळ्यावरच्या अक्षरात एक, दोन, तीन लिहिलं.

कुमोक यायच्या आदल्या दिवशी बटण दाबलं. तासाभरात खोली ऊबदार! अप्पा काठी टेकत आत आले. वाकून इथं तळवा लावला, तिथं लावला.

"कुठंय?"

"काय कुठंय?"

"गरम जागा."

"अप्पा, सगळी खोली गरम आहे! कोपरान् कोपरा!"

"ते कळलं रे. मी बसू कुठं?"

आता बोला! चुलीलगतची जागा सगळ्यांत गरम, म्हणून ती घरातल्या मोठ्याची. त्याहून मोठा पाहुणा आला तर आपण सरकायचं नि ती त्याला द्यायची. मी एवढी समान ऊब पसरली होती, की घरात मोठं कोण, तेच कळेना!

तेवढ्यात शेजारचे सोक आजोबा नवी गरम जमीन बघायला आले. ते पंच्याऐंशीचे.

"या, वर बसा," अप्पा म्हणाले.

"वर म्हणजे कुठं?"

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. दोघा म्हाताऱ्यांनी बार्लीचं पाणी उभ्यानंच प्यायलं. सोक आजोबा निघताना "तब्येतीला जपा हं" म्हणाले, तेही अशा आवाजात, की मला आईच्या दहनाचा दिवस आठवला. ते गेल्यावर अप्पा बाहेर थंडगार पडवीत जाऊन बसले.

"अप्पा, आत या ना!"

"मी कुमोकबरोबर जातो. तिथं निदान खुर्च्या असतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कॉकना भिडलो. दोन आणि तीन बंद, एक पूर्ण उघडा. सगळं गरम पाणी भिंतीकडे. झाली मानाची जागा!

"अहो, पण एक म्हणजे नक्की कुठला?" मिरान म्हणाली.

"भिंतीकडचा! मी लिहिलंय ना!"

आणि कुमोकला आणायला मी बसथांब्यावर गेलो. परत आलो तर अप्पा खोलीच्या उंबऱ्याशी, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसलेले.

"दादा!" कुमोकचा आवाज चिरकला. "अप्पांना दाराशी बसवलंस? सुनांनी बसायच्या जागी?" ती तडक आत गेली आणि अप्पांचे कपडे पिशवीत कोंबायला लागली.

मी धावत भिंतीकडे गेलो. हात लावला तर बर्फ! दाराशी लावला तर चटका. आकडे मी खोलीत उभं राहून डावीकडून मोजले होते आणि पलीकडे जाऊन लिहिले, तेही डावीकडूनच. सगळं उलटं झालं होतं.

"ओरडू नकोस गं," अप्पा म्हणाले. "मी आपणहून बसलोय. तुझी आई पन्नास वर्षं इथं बसली. ताटं आणायला जवळ पडतं म्हणायची. मी विचारायचो, गार नाही ना लागत? ती म्हणायची, नाही. मी पण मानलं."

कुमोकचा हात थांबला.

"कंबर धरल्यावर चुलीकडच्या जागेपर्यंत जाता येईना, तेव्हा पहिल्यांदा इथं बसलो. हाडं गोठली, पोरी. आज कळतंय, इथंही ऊब आणता येत होती. ती असताना कुणी आणली नाही."

कुमोकनं पिशवी खाली ठेवली आणि अप्पांना चिकटून बसली.

"अप्पा, मग येताय ना माझ्याबरोबर?"

"कशाला? बसायला जागा झाली की आता."

मग तिनं डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "दादा, आईची जागा म्हणून तू मुद्दाम इथं ऊब केलीस? आणि मी तुला काय काय बोलले!"

स्वयंपाकघराच्या दारातून मिरान एकटक माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. मला दरदरून घाम फुटला, आणि मी उभा होतो भिंतीकडच्या थंडगार जमिनीवर.